बाहेरचे कप्पे

काशीयात्रेला निघालेल्या मराठी माणसाच्या मनात काशी ही घाटांची, शिवालयांची आणि मोक्षाची नगरी म्हणून पूर्वापार ठसलेली असते. परंतु ज्याने उमेदीची वर्षे यात्रेकरूंच्या बसगाड्या घेऊन महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाण्यात घालवली, त्या माझ्यासारख्याला तिचे आणखी एक रूप प्रकर्षाने जाणवत आले आहे, आणि ते म्हणजे कोणत्याही मोठ्या वाहनाला आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊ न देणाऱ्या नगरीचे. मंगला गौरीचे मंदिर पंचगंगा घाटाजवळच्या अशा गल्ल्यांत आहे, की जेथे समोरून गाय आली तर माणसाने अंग चोरून भिंतीला लागावे. काशीच्या नवगौरींपैकी ही एक. बारा आदित्यांपैकी मयूखादित्य आणि गभस्तीश्वराचे लिंग यांचेही दर्शन येथेच घडते. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पूजणाऱ्या आमच्याकडील स्त्रियांना या देवीच्या नावाशी माहेरचे नाते वाटे, शिवाय दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट या शेजारच्या वस्त्यांत पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत आलेली असल्यामुळे भाकरी-भाजीपासून पौरोहित्यापर्यंत सर्व सोय मराठीत होई. म्हणून आमचा मुक्काम बहुधा याच भागातील एखाद्या जुन्या, चौकाच्या वाड्यात पडत असे.

मुक्काम वाड्यात पडे, पण गाडी तेथे येत नसे. ती राहायची पार राजघाटाच्या बाजूला, किंवा पोलीस त्या हंगामात जेथे परवानगी देतील त्या मोकळ्या मैदानात. यात्रेकरू सायकलरिक्षाने मैदागिनपर्यंत येत, तेथून काळभैरवाच्या बाजूने पायी गल्लीत शिरत, आणि हातातल्या पिशवीत मावेल तेवढेच सामान बरोबर घेत. उरलेले सगळे मागे, गाडीच्या पोटात आणि टपावर राही. घरापासून शेकडो कोस दूर, अनोळखी शहरात, माणसे एका ठिकाणी आणि त्यांच्या वस्तू दुसऱ्या ठिकाणी अशी जी ताटातूट काशीत होई, तशी मार्गावरील दुसऱ्या कोणत्याही क्षेत्री होत नसे. कारण इतर गावी गाडी धर्मशाळेच्या दारात उभी असे आणि खिडकीतून मान बाहेर काढली की दिसे. व्यवस्थापक म्हणून माझ्याकडे हिशेब, मुक्काम, दर्शनाची वेळ असे पुष्कळ जिम्मे होते, पण ज्याने मला सर्वाधिक शिकवले तो हा, गाडीच्या बाहेरच्या कप्प्यांच्या बंदोबस्ताचा.

आमची यात्राबस प्रवासाचे साधन होती तशीच ती महिनाभराचे घरही होती. वर प्रवासी बसत; खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, दोन्ही अंगांना पत्र्याच्या झडपांचे कप्पे असत, ज्यांना आम्ही सरसकट डिकी म्हणत असू; मागच्या बाजूला एक मोठी डिकी, कडेला बॅटरीची आणि हत्यारांची पेटी, आणि टपावर लोखंडी कॅरिअर व त्यावर दोरखंडाने आवळलेली ताडपत्री. तांदूळ, डाळ, गोडेतेल, मसाल्याचे डबे असा शिधा, पातेली, पराती, झारे, शेगड्या, गाद्यांच्या वळकट्या, यात्रेकरूंच्या ट्रंका आणि पुढे पुढे चाकाच्या बॅगा, हे सर्व या कप्प्यांत भरलेले असे. गाडीच्या आतील वस्तूवर चाळीस माणसांची नजर असते; बाहेरच्या कप्प्यावर मात्र रस्त्याने जाणाऱ्या साऱ्या जगाची नजर असते आणि आपल्या माणसांपैकी कोणाचीच नसते. झडप बाहेरून उघडते, तिचे कुलूप बाहेर, बिजागऱ्या बाहेर, आणि आत बसलेल्या प्रवाशाला पायाखाली काय चालले आहे याचा पत्ता नसतो. या कप्प्यांची सारी अडचण या एका रचनेत साठवलेली आहे.

गाडी बांधणाऱ्या कारखान्यातून जी कुलपे डिकीला बसून येत, त्यांविषयी नव्या माणसाला फार भरवसा वाटे. चावी फिरवली की आत एक पोलादी जीभ आडवी होते, मूठ हलत नाही, आणि सगळे बंद झाल्याचे समाधान लाभते. पण आमच्या गाड्यांपैकी अनेकींना एकाच घडणीची चावी चाले; एका गाडीचा क्लीनर दुसऱ्या गाडीची डिकी उघडून देई आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे, कारण मार्गावर चावी हरवली तर कोणाचीही मागून आणता यावी ही सोयच त्यामागे होती. पुढे कळले की हा प्रकार केवळ आमच्याकडचा नाही. अमेरिकेत ज्या फिरत्या घरांच्या गाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने हिंडतात, त्यांच्या बाहेरच्या कप्प्यांना ‘सीएच ७५१’ या एकाच क्रमांकाच्या चावीची कुलपे वर्षानुवर्षे इतक्या सर्रास बसवली गेली, की एका मालकाच्या खिशातील चावी शेजारी उभ्या असलेल्या परक्याच्या गाडीला लागावी. असे कुलूप चालत्या गाडीत झडप मिटलेली ठेवते, हे त्याचे खरे काम, आणि ते काम ते चोखपणे करते. परक्या हाताला अडवणे हे त्याचे काम नव्हेच. म्हणून आम्ही मूळचे कुलूप जसेच्या तसे ठेवून प्रत्येक झडपेला बाहेरून जाड पट्टीचा कोयंडा आणि त्यात स्वतंत्र चावीचे लिव्हरचे कुलूप अशी दुहेरी तजवीज केली.

कुलपांच्या बाबतीत आपल्या देशात दोन नावे प्रत्येकाच्या तोंडी असतात: एक अलीगढचे, जेथे घरोघरी कुलपांचे भाग घडतात, आणि दुसरे गोदरेजचे, ज्याचा आरंभ अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत केला. दोन्ही मी वापरली आणि दोन्हींविषयी मला आदर आहे. परंतु कुलपाच्या सामर्थ्याची मर्यादा मला ज्या हकिकतीने पटवली, ती लंडनची आहे. जोसेफ ब्रामा या कारागिराने बनवलेले एक कुलूप त्याच्या दुकानाच्या खिडकीत सुमारे साठ वर्षे आव्हान म्हणून मांडून ठेवलेले होते, आणि जो ते चावीवाचून उघडील त्याला २०० गिनी देण्याची जाहीर घोषणा होती. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने तेथे आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खर्चून ते उघडले. त्यावरून कुलपे व्यर्थ आहेत असे अनुमान काढणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून नेमका उलटा बोध झाला. ज्या कुलपाने एका असामान्य कसबी माणसाचे ५१ तास घेतले, त्याने आपले कर्तव्य उत्तम बजावले. कारण कुलूप देते ते अभय नव्हे, अवधी देते, आणि त्या अवधीत जर एकाही जबाबदार माणसाची नजर तेथे पोचली नाही, तर ब्रामाचे कुलूप आणि सुतळीची गाठ यांत अंतर उरत नाही.

हा बोध पुस्तकातून आलेला. त्याच्या आधीच त्याचा अर्धा भाग मला राजघाटाकडच्या मैदानात मिळाला होता. त्या खेपेस गाडी भाड्याने घेतलेली होती. मंगला गौरीला पहाटेचे स्नान-दर्शन आटोपून आम्ही शिधा नेण्यासाठी गाडीपाशी आलो, तो कुलूप जागच्या जागी, कोयंड्यात लोंबकळत, एक ओरखडाही न उमटलेले असे दिसले. पण झडप वरच्या बाजूने खाली कललेली होती. रात्री कोणीतरी बिजागऱ्यांच्या पिना ठोकून बाहेर काढल्या होत्या, झडप कुलपाच्याच आधाराने उलट्या बाजूने उघडली होती, आणि दोन पितळी पातेली व एका दांपत्याची बॅग उचलून नेली होती. रखवालीचे पैसे घेतलेला माणूस रात्री कधी निघून गेला हे कोणालाही सांगता आले नाही. चौकीवर फिर्याद दिली, जिनसांची फर्द लिहून दिली, आणि दुपारी विश्वेश्वरगंजाच्या बाजूच्या एका वृद्ध कुलूप-कारागिराला गाडीपाशी घेऊन आलो. त्याने माझ्या हातातील नव्या, वजनदार कुलपाकडे पाहिलेही नाही. झडपेच्या वरच्या कडेवरून बोट फिरवीत तो म्हणाला, “भैया, पहले कब्ज़ा देखिए, ताला बाद में.” मग त्याने पिनांची दोन्ही टोके ठोकून पसरट केली, ती पुन्हा सरकणार नाहीत अशी, आणि कोयंड्याचे स्क्रू काढून त्या जागी गोल, खाचेवाचूनच्या माथ्याचे बोल्ट घातले, ज्यांचे नट कप्प्याच्या आत आले. वर कोयंड्याची पट्टी अशी बसवली की मिटल्यावर तिने सारे बोल्ट झाकून टाकावेत. त्या दुपारपासून मी गाडी ताब्यात घेताना कुलूप सर्वांत शेवटी पाहू लागलो: आधी बिजागरी, मग पत्र्याची कड, मग कोयंडा, मग त्याची बैठक, आणि त्यानंतर कुलूप. बंदोबस्ताची परीक्षा त्याच्या सर्वांत दुबळ्या सांध्यापाशी होते, आणि तो सांधा बहुधा आपण जेथे पाहत नाही तेथेच असतो.

चोराचे भय मोठे खरे, पण मुलूखगिरीचा हिशेब मांडला तर कप्प्यातील वस्तूंची सर्वाधिक हानी रस्त्यानेच केलेली असते, हे कोणीही जुना ड्रायव्हर सांगेल. नागपूर, जबलपूर, रीवा, मिर्झापूर या वाटेने, म्हणजे पूर्वी वाराणसीहून थेट कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या जुन्या ७ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने येताना उन्हाळ्यात धुळीचे आणि पावसाळ्यात पाण्याचे राज्य असे. बस वेगाने जाऊ लागली की तिच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, तेथे भोवरे उठतात, आणि रस्त्यावरची धूळ मागे राहण्याऐवजी गाडीच्या पाठीकडे खेचली जाऊन मागच्या डिकीच्या प्रत्येक फटीतून आत शिरते. झडपेभोवतीची रबरी पट्टी एका कोपऱ्यात जरी आक्रसली, तरी पहिल्या दोनशे मैलांतच गाद्यांच्या वळकट्यांवर पिठासारखा थर बसे. पाण्याचे याहून अवघड. ते चाकांच्या फवाऱ्याने खालून येते, वरच्या पन्हाळीतून ओघळून बिजागरीवाटे येते, आणि एकदा आत आले की कप्प्याच्या तळाशी छिद्र नसेल तर तेथेच साचून पत्रा आतून खाते. म्हणून तळाला छोटी छिद्रे ठेवावीत, त्यांना आतून जाळी मारावी, लाकडी फळ्यांची घडवंची करून सामान तळापासून चार बोटे उचललेले ठेवावे, आणि तांदळाचे पोते कधीही झडपेला टेकवून ठेवू नये, हे आमचे नियम झाले.

झडपेला काही टेकवू नये यामागे आणखी एक गंभीर कारण होते. घाटात वळणावर गाडी कलते तेव्हा आतील भार बाहेरच्या अंगाला सरकतो, आणि एखादी भरलेली ट्रंक झडपेवर आतून अशी आदळते, की बाहेरून धक्का देणाऱ्या कोणाही माणसापेक्षा तिचा जोर अधिक असतो. चालत्या गाडीची झडप उघडली तर सामान सांडते एवढ्यावर भागत नाही. ती पत्र्याची झडप वाटेच्या कडेने चालणाऱ्याच्या किंवा सायकलस्वाराच्या अंगावर येते. कप्प्याचा बंदोबस्त हा केवळ आपल्या मालमत्तेचा प्रश्न नसून वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे, ही जाणीव मी प्रत्येक क्लीनरच्या मनावर बिंबवीत असे; आणि त्यासाठी जड सामान मध्यभागी व तळाशी, हलके वर आणि बाहेरच्या अंगाला, मध्ये आडवे दांडे व जाळी, आणि झडपेला मुख्य कुलपाखेरीज एक स्वतंत्र कडी, जी कुलूप उघडे राहिले तरी झडप धरून ठेवील, अशी मांडणी ठरवलेली होती. कुलपात तेल घालण्याची सवय आम्ही मोडली, कारण तेलावर धूळ बसून आत लगदा होतो. त्याऐवजी ग्राफाइटची कोरडी पूड फुंकायची आणि चावीच्या भोकावर रबराची लोंबती पट्टी ठेवायची, एवढ्याने कुलपे पावसाळे सोशीत.

काय ठेवावे याहून काय ठेवू नये हा विचार अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो करताना भिडेला जागा देऊ नये. स्वयंपाकाचा गॅस बरोबर असला की सोय होते, हे खरे. पण प्रवाशांच्या खाली, बंद पत्र्याच्या पेटीत, बॅटरीच्या तारांशेजारी भरलेले सिलिंडर ठेवणे म्हणजे चोरापासून वाचवण्यासाठी घरात वणवा कोंडून ठेवणे होय. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे, लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंच्या खास रेल्वेडब्यात नियमबाह्य रीतीने नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ माणसे दगावली, तेव्हा या धंद्यातील आम्हा सर्वांना आपापल्या जुन्या गाड्या आठवल्या असतील. त्याच्या कितीतरी आधीपासून माझा आग्रह होता की शेगडी आपली असावी, पण इंधन मुक्कामाच्या गावी घ्यावे आणि निघताना तेथेच सोडावे. मंगला गौरीच्या वाड्यात तर वाडेवाल्यांकडेच चुलीची आणि इंधनाची व्यवस्था होत असे. कप्प्याला कितीही मजबूत कुलूप असो, त्यात जे ठेवलेच जाता कामा नये त्याला सुरक्षित करणारे कुलूप कोणीही घडवलेले नाही.

यातूनच निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक यात्रेकरूला एक प्रश्न विचारण्याची पद्धत मी पाडली: “काकू, तुमच्या सामानातली कोणती वस्तू गेली तर तुम्ही यात्रा अर्धी टाकून परत फिराल?” प्रश्न ऐकून प्रथम सगळे गोंधळत, मग विचार करीत, आणि मग जी उत्तरे येत त्यांनी माझा मोलाचा हिशेब साफ बदलून टाकला. सोने आणि रोकड यांची नावे क्वचितच निघत, कारण ती कमरेला असतच. एका वृद्धेने औषधांची डबी सांगितली, एका गृहस्थांनी वडिलांच्या हातची पोथी सांगितली, आणि दरवेळी कोणीतरी, आवाज खाली आणून, लाल फडक्यात बांधलेल्या तांब्याच्या कलशाचे नाव घेई, ज्यात पती, आई किंवा मुलगा यांच्या अस्थी गंगेत विसर्जनासाठी आणलेल्या असत. असा कलश ट्रंकेत, ट्रंक डिकीत, आणि डिकी राजघाटाच्या मैदानात, ही मांडणी मला असह्य वाटू लागली. तेव्हा आम्ही सामानाचे चार वर्ग केले: अंगावर राहील ते, हातात राहील ते, गाडीच्या आत आसनाजवळ राहील ते, आणि बाहेरच्या कप्प्यात जाऊ शकेल ते. औषधे, कागदपत्रे, पोथी आणि कलश पहिल्या दोन वर्गांत. बाहेरच्या कप्प्यात फक्त तेच, जे पैशाने पुन्हा घेता येते. चोराला कशाचे मोल काय हे ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर रखवालदारालाही ते ठाऊक नसते. ते केवळ मालकाच्या अंतःकरणात असते, म्हणून सांभाळणाऱ्याने आधी विचारावे आणि मग कुलूप लावावे.

विचारणे झाले की लिहिणे. प्रत्येक कप्प्याला क्रमांक, प्रत्येक डागाला त्याच कप्प्याचा बिल्ला, बिल्ल्याची निम्मी प्रत मालकाकडे, आणि सगळ्यांची याद माझ्या रोजनाम्यात, असा जाबता होता. चाव्यांचे दोन जुडगे असत. एक माझ्याजवळ, दुसरा त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याच्याजवळ, आणि चावी हातातून हातात गेली की त्याची नोंद वेळेसह होई. मालगाडीच्या वाघिणींना जसे शिशाचे सील लावतात, तसे आम्ही काशीच्या मुक्कामात प्रत्येक कोयंड्यातून एक तार ओवून तिला क्रमांकाचे सील लावीत असू. ते नखानेही तुटेल इतके नाजूक असे, आणि पुष्कळांना ते पोरखेळ वाटे. पण कुलूप परक्याला अडवते, तर सील आपल्याला खबर देते, आणि खबर वेळेवर मिळणे हे अडवण्याइतकेच मोलाचे आहे. रात्री गाडीत एक माणूस झोपे आणि एक जागा असे. मध्यरात्री पाळी बदले. पहाऱ्याच्या माणसाने दर वेळी गाडीभोवती एक फेरी घालून प्रत्येक झडपेला हात लावायचा, नुसते पाहायचे नाही, असा दंडक होता, कारण अंधारात मिटलेली झडप आणि मिटल्यासारखी दिसणारी झडप यांतील फरक केवळ हाताला कळतो.

पण या सर्व व्यवस्थेचा जो कणा मला पुढे गवसला, तो पहारा नव्हे आणि सीलही नव्हे. तो म्हणजे प्रत्येक कप्पा रोज सकाळी, गरज असो वा नसो, उघडून पाहण्याचा नेम. वरवर पाहता हा नेम बंदोबस्ताच्या विरुद्ध वाटतो. एकदा नीट बंद केलेले कशाला उघडावे, असे ड्रायव्हर विचारीत, आणि त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. परंतु धूळ शिरली, पाणी झिरपले, कडी सैल झाली, गंज चढला, उंदराने पोते कुरतडले किंवा माणसाने हात मारला, यांपैकी कोणतीही गोष्ट बंद झडपेवरून कळत नाही. जो कप्पा आठ दिवस उघडला गेला नाही, तो सुरक्षित आहे असे आपण मानतो. वास्तविक त्याच्याविषयी आपल्याला आठ दिवसांपूर्वीचेच ज्ञान असते. रोज सकाळी सील तोडायचे, क्रमांक ताडून पाहायचा, झडप उघडायची, यादीप्रमाणे डाग मोजायचे, रबरी पट्टीवरून बोट फिरवायचे, ओल असेल तर झडप अर्धा तास उन्हाकडे उघडी ठेवायची, आणि मग नवे सील लावून बंद करायचे; या साध्या क्रमाने आमचे जितके नुकसान टळले तितके कोणत्याही कुलपाने टळले नाही. बंद ठेवण्याची विद्या ही मुळात वेळच्या वेळी उघडण्याची विद्या आहे, हे माझ्या व्यवसायाने मला दिलेले सार आहे.

हा नेम माझ्या पिढीचा शोध आहे असे मात्र मी मानीत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि त्यांनी लिहिलेला तो वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला. मिळवलेले धन त्या भिक्षुकाच्या हाती टिकले नाही, लुटालुटीत गेले. पण गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरापर्यंत आणली. या प्रसंगाकडे भक्तीच्या दृष्टीने पाहणारे पाहोत, मला त्यात सामान सांभाळण्याचा एक मोठा सिद्धांत दिसतो. धन लपवायचे असते, म्हणून ते नजरेआड जाते. कावड लपवता येत नाही, ती वाहणाऱ्याला क्षणोक्षणी तिचा भार जाणवतो, प्रत्येक विसाव्याला ती कोठे टेकवावी याचा विचार करावा लागतो, आणि म्हणून तिच्याविषयी बेसावध राहणे शक्यच नसते. चोराला गंगाजलाचा उपयोग नव्हता हे खरे. तरी इतक्या लांबच्या वाटेवर पाणी सांडायला, फुटायला, आटायला चोराची गरज नसते.

परतीच्या वेळी आमच्या गाडीतही तीच गंगा असे. ठठेरी बाजारातून यात्रेकरू तांब्याचे गडू आणीत, पंचगंगेच्या घाटावर, जेथे गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानतात, तेथे ते भरीत, आणि मग त्यांच्या तोंडावर झाकण ठेवून डाग देऊन ते कायमचे बंद करून घेत. असा गडू घरी देवघरात वर्षानुवर्षे राही आणि कोणाच्या तरी अखेरच्या क्षणीच फोडला जाई. कोणी त्यातले जल रामेश्वरापर्यंत नेण्याचा संकल्पही सोडलेला असे. बंद करण्याची याहून पक्की रीत मला ठाऊक नाही. तरीही त्या गडूंच्या खाली आम्ही कोरडे पांढरे फडके अंथरीत असू आणि रोज सकाळी ते उचलून पाहत असू, कारण डाग कितीही चांगला बसलेला असो, खडबडीत रस्त्यावर त्यालाही केसासारखी चीर पडते, आणि फडक्यावरचा ओला ठिपका त्या दिवशी दिसला तर पुढच्या गावच्या कासाराकडून ती बुजवता येते. नाशकात पोचल्यावर दिसला तर मात्र गडू रिता झालेला असतो. जे उघडायचेच नाही त्याच्याही बाबतीत रोजची पाहणी चुकत नाही, एवढे मला या गडूंनी समजावले.

आता काळ पालटला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून झोपण्याच्या, स्वयंपाकाच्या आणि स्नानाच्या सोयीसह फिरणारी घरे आपल्याकडेही रस्त्यावर दिसू लागली आहेत, आणि तरुण कुटुंबे मोठ्या हौसेने ती घेऊन निघतात. त्यांच्यापैकी कोणी सल्ल्याला आले की बाहेरच्या कप्प्यांसाठी कोणते कुलूप घ्यावे, चावीचे की आकड्यांचे, की मोबाइलवर उघडणारे, असाच प्रश्न पहिल्याने येतो. मी त्यांना सांगतो की चांगल्यातले चांगले घ्या, त्यात कंजुषी करू नका; बिजागऱ्यांच्या पिना आधी पाहा, गाडीबरोबर आलेल्या चावीवर विसंबू नका, ज्वालाग्राही काही कोंडू नका, भार झडपेवर येऊ देऊ नका, आणि ज्या वस्तूवाचून घरी परतणे तुम्हाला शक्य नाही ती बाहेरच्या कप्प्यात ठेवूच नका. इतके केल्यावर घरातील एका माणसाचे नाव नक्की करा, सर्वांचे मिळून नव्हे, एकाचे. आणि त्याने रोज सकाळी चहा घेण्यापूर्वी गाडीभोवती फेरी घालून प्रत्येक झडप उघडावी, आत हात घालावा, मोजावे आणि मग पुन्हा बंद करावे. मुलांपैकी कोणी थोरले असेल तर हे काम त्याला द्यावे, असेही मी आवर्जून सुचवतो. दुसऱ्याच्या वस्तूंची रोज आस्थेने विचारपूस करण्याची सवय ज्याला लहानपणी लागली, त्याच्या हाती पुढे गाडीच्या कप्प्यांपेक्षा पुष्कळ मोठ्या अमानती येणार असतात, आणि त्याही असाच नेम मागतात.